ताण आणि शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, डोकं बधिर होतं. ताणाबद्दल बोलताना आपण हे वाक्प्रचार सहज वापरतो. यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे एखादी नस, ग्रंथी किंवा रक्तवाहिनी खरोखर काम करत असते. इथले प्रश्न लोक दवाखान्यात किंवा घरी नेहमी विचारतात तेच आहेत. उत्तरांत जिथे मोजता येण्यासारखं काही आहे, तिथे आकडे दिले आहेत.

'टेन्शन' आणि वैद्यकातला ताण एकच का?

पूर्णपणे नाही. बोलताना आपण कारणालाही टेन्शन म्हणतो (हप्ता थकला, मुलीचा निकाल आहे) आणि परिणामालाही (झोप नाही, चिडचिड). वैद्यकात परिणामाचा, म्हणजे शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा विचार होतो.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून उंदरांवरच्या प्रयोगांचं एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. उंदरांना थंडीत ठेवलं, जखम केली, अति पळवलं किंवा औषधांचा मोठा डोस दिला, तरी आत सापडणाऱ्या खुणा त्याच होत्या: ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, थायमस ही प्रतिकारशक्तीची ग्रंथी आकसलेली, जठरात आणि आतड्याच्या सुरुवातीला व्रण. त्रास वेगवेगळे, प्रतिसाद मात्र एकच. पुढच्या संशोधनात हे इतकं सरसकट नसतं असं दिसलं, पण पाया तिथे घातला गेला.

ताण येतो त्या क्षणी शरीरात नेमकं काय होतं?

रात्रीचे दोन वाजलेत आणि फोन वाजला, असं समजा.

पहिल्या एक-दोन सेकंदांत, कोणाचा फोन हे कळायच्या आधीच, मेंदूतला ॲमिग्डला हा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे पाठवतो. तिथून मज्जातंतूंमार्फत थेट निरोप जातो. हृदयाचे ठोके वाढतात, बुबुळांमधल्या बाहुल्या मोठ्या होतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ते रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. लाळ कमी आणि घट्ट होते, ती कोरड. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन रक्तात येतं. ते फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं संपतं.

दुसरी साखळी सावकाश चालते. हायपोथॅलॅमस खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी रक्तातून ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराला सांगते आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. त्याची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर पोचते आणि निम्मी व्हायला तास-दीड तास घेते. म्हणजे फोन राँग नंबर निघाला, दोन वाजून एक मिनिटाला ठेवूनही दिला, तरी अडीचला तुम्ही टक्क जागे असता. त्यात तुमचा भित्रेपणा नाही, रसायनाचं वेळापत्रकच तसं आहे. अशा वेळी कूस बदलत झोपेशी झटापट करण्यापेक्षा उठून मंद उजेडात अर्धा-पाऊण तास बसणं सोपं जातं.

कॉर्टिसॉल पुरेसं वाढलं की तेच मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं आणि साखळी थांबते. ताण येणं हा बिघाड नव्हे. हा थांबण्याचा निरोप पोचेनासा होतो किंवा पोचायच्या आत दुसरा फोन वाजतो, तिथून बिघाड सुरू होतो. अशा सततच्या झिजेला ब्रूस मॅकइवेन आणि एलिअट स्टेलर यांनी १९९३ मध्ये 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. सोप्या मराठीत, शरीरावर साचत गेलेला बोजा.

पाठ केलेलं ऐन परीक्षेत का आठवत नाही?

कारण माहिती साठवणं आणि ती शोधून बाहेर काढणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, आणि कॉर्टिसॉल दोन्हींशी वेगळं वागतं. भावनेने भारलेली घटना त्याच्यामुळे पक्की कोरली जाते. आधी साठवलेलं शोधणं मात्र त्या काळात अवघड होतं. म्हणून वर्गात झालेला अपमान वीस वर्षांनी आठवतो, पण पेपर हातात पडल्यावर रोजचं सूत्र सापडत नाही. शिवाय कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो विचारांची मांडणी करतो, तो ताणाच्या रसायनांत सर्वात आधी ढिला पडतो.

करायचं काय? घरी सराव करताना घड्याळ लावून, पुस्तक बंद ठेवून, अनोळखी प्रश्नपत्रिका सोडवावी. नुसतं वाचून पाठ केलेल्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून पक्कं केलेलं ताणातही जास्त टिकतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आधी लिहावा. आणि पेपरच्या आदल्या रात्री जागरण करून चार धडे वाढवण्यात तोटाच आहे, कारण दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं.

सततच्या ताणाने मेंदू आकसतो म्हणतात. मग तो कायमचा बिघडतो का?

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं ठेवलं. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीशी संबंधित ॲमिग्डलामधल्या फांद्या मात्र वाढल्या. नंतर २१ दिवस ताणाविना ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, ॲमिग्डला नाही. संकट टळल्यावरही महिनोन्महिने 'उगाचच भीती वाटते' म्हणणाऱ्या माणसाकडे या निष्कर्षाच्या नजरेतून पाहिलं तर त्याची टिंगल करावीशी वाटणार नाही. अर्थात उंदरावरून माणसाबद्दल थेट निदान करता येत नाही.

माणसांबद्दलची एक दिलासा देणारी गोष्ट: २००९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी मोठ्या परीक्षेच्या तयारीत असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तपासलं. एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वळवणं त्यांना जड जात होतं. परीक्षा संपून महिना झाल्यावर हा फरक उरला नव्हता.

हुद्दा जितका मोठा तितका ताण जास्त, खरं ना?

नाही. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घ अभ्यास झाला, तो 'व्हाइटहॉल' नावाने ओळखला जातो. हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सर्वात खालच्या श्रेणीत सर्वात जास्त निघालं आणि पायरीपायरीने वर कमी होत गेलं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. काम भरपूर, पण ते कसं आणि केव्हा करायचं हे आपल्या हातात नाही, अशी नोकरी शरीराला जास्त महाग पडते. साहेबांच्या केबिनबाहेर दिवसभर बेलची वाट पाहणाऱ्याकडे ताणाची चर्चा सहसा पोचतच नाही.

ताणाने बीपी वाढतं का? घरी कसं मोजायचं?

तात्पुरतं नक्की वाढतं. डॉक्टरचा पांढरा कोट पाहूनही वाढतं, त्यामुळे दवाखान्यातल्या एका आकड्यावर विसंबू नये. घरचं माप जास्त उपयोगी, पण ते बहुतेक घरांत चुकीचं घेतलं जातं.

दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, तिढा न घालता, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, फोनही नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असं सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरकडे जा.

आकडा खोटा वाढण्याची नेहमीची कारणं: जाड दंडाला लहान पट्टा, लोंबता हात, पायावर पाय. आणखी एक म्हणजे जास्त आला म्हणून घाबरून लागोपाठ आठ वेळा मोजणं. मोजण्याचाच ताण येतो आणि आकडा आणखी चढतो. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलण्यात अडखळ किंवा एका बाजूची ताकद जाणं यातलं काही असेल, तर वहीची वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय.

छातीत धडधड आणि दुखणं. ताण समजायचं की हार्ट अटॅक?

घरी बसून ठरवायचं नाही. भीतीचा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरू लागतो. हृदयाचं दुखणं बहुधा छातीच्या मध्यावर दाबल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारं, घाम फोडणारं असतं. 'बहुधा' हा शब्द दोन्हीकडे महत्त्वाचा आहे. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसता दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढंच असू शकतं. 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन तासभर वाट पाहणं ही नेहमीची आणि सर्वात महागडी चूक. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) तपासायला सांगतात, ते बिल वाढवायला नव्हे. ट्रोपोनिन रक्तात वाढायला वेळ लागतो.

ताण आणि हृदय यांत एक अधलामधला प्रकारही आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुग्यासारखं फुगतं आणि नीट आकुंचन पावत नाही. जपानमध्ये १९९० मध्ये हे प्रथम नोंदलं गेलं. त्या आकाराच्या, ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत ते जास्त दिसतं. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीचे दिवस रुग्णालयातच काढावे लागतात.

ताणाने अल्सर होतो का?

सेल्येच्या उंदरांना झाले, म्हणून बरीच वर्षं तसं मानलं गेलं. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू दाखवून दिला. मार्शलने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून घेतली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आज अल्सरची दोन मुख्य कारणं म्हणजे हा जीवाणू आणि वेदनाशामक गोळ्यांचा अति वापर. म्हणून 'काळजी करू नका' हा अल्सरचा उपचार होऊ शकत नाही. मोठं भाजणं किंवा व्हेंटिलेटर अशा गंभीर आजारात ताणाचे व्रण खरंच होतात, पण ती गोष्ट वेगळी.

पोटाला रोज होणारा त्रास निराळा आहे. ताणात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं घाई करतं. वरून भूक मेलेली, खालून एसटी सुटायच्या आधी हमखास संडासची धाव, हे एकाच वेळी होतं ते यामुळे. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पोटदुखीने रात्री जाग येणं किंवा रक्त कमी होणं यातलं काही असेल तर मात्र ते ताणाच्या खात्यावर टाकू नये.

मधुमेह आहे. काही वेगळं खाल्लं नाही, तरी साखर का वाढली?

कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनॅलिन यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा जोर कमी करतात. शस्त्रक्रिया, ताप, घरातलं आजारपण, जागरण, सगळ्यांत हेच. ग्लुकोमीटरच्या वहीत आकड्याशेजारी दोन शब्द लिहावेत: 'जागरण', 'ताप', 'भांडण'. डॉक्टरला नुसत्या आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. स्वतःहून गोळी वाढवू नये, कारण ताण ओसरल्यावर तोच डोस साखर धोकादायक खाली नेऊ शकतो.

सतत ताणात असलं की सारखी सर्दी होते, हे खरं का?

बऱ्याच अंशी. शेल्डन कोहेन यांनी १९९१ मध्ये स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मोजून सोडले. ज्यांनी आधी जास्त ताण नोंदवला होता, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त आलं. १९९५ मधला दुसऱ्या संशोधकांचा प्रयोग याहून बोलका आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. ती भरायला त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या सुनेची, मुलीची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवं.

पाळी चुकते, केस गळतात. हेही ताणानेच?

होऊ शकतं. हायपोथॅलॅमस ताणाच्या काळात बीजकोशांकडे जाणारे संकेत मंदावतो. पण पाळी चुकली तर आधी गर्भधारणेची चाचणी, आणि तीन महिने आली नाही तर डॉक्टर. केसांचं गणित उशिराचं असतं: टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठा धक्का यांच्या दोन-तीन महिन्यांनंतर केस मूठमूठ गळू लागतात, म्हणून लोक शाम्पूला दोष देतात. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. हा प्रकार बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतो.

कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून घ्यावी का?

स्वतःहून नको. कॉर्टिसॉल पहाटे वाढतं, उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. सकाळी आठला चांगला असलेला आकडा रात्री अकराला आजाराचा ठरतो. त्यात सुई टोचायच्या भीतीनेही तो चढतो. तुम्हाला किती ताण आहे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही.

ही तपासणी लागते ती ठरावीक आजारांच्या शंकेने. चेहरा गोल होणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे, किरकोळ धक्क्याने काळंनिळं होणं, उकिडवं बसल्यावर हात न टेकता उठता न येणं: हा कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल अति झाल्याचा आजार असू शकतो. उलट वजन घटणं, बीपी कमी राहणं, हातांच्या रेषा आणि हिरड्या काळवंडणं हा ॲडिसन, म्हणजे कॉर्टिसॉल कमी पडल्याचा आजार असू शकतो, आणि आपल्याकडे त्यामागे क्षयही सापडतो. 'ॲड्रिनल फटीग' नावाने जी पाकिटं विकली जातात, तो आजार हॉर्मोनतज्ज्ञ मानत नाहीत.

एक इशारा याच अनुषंगाने. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या काही आठवडे चालू असतील तर त्या एकदम बंद करू नयेत. बाहेरून मिळत असल्यामुळे ॲड्रिनल ग्रंथी झोपी गेलेल्या असतात आणि त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. 'जादूच्या' सांधेदुखी पुड्यांतही कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

श्वासाच्या व्यायामाने खरंच काही होतं का?

होतं, आणि बोटाखाली तपासता येतं. मनगटावर नाडी धरा. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना सावकाश होतात, कारण सोडताना व्हेगस या नसेचा लगाम हृदयावर घट्ट होतो. म्हणजे युक्ती सोडण्यात आहे.

ताठ पण सैल बसा. नाकाने मनातल्या मनात चारपर्यंत मोजत श्वास घ्या, पोट पुढे येऊ द्या, खांदे वर नकोत. सहापर्यंत मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. सुरुवातीला चार-सहा जमत नसेल तर तीन-चारने करा.

बिघडतं कुठे? लोक 'दीर्घ श्वास' ऐकून छाती फुटेपर्यंत आणि भराभर घेतात. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घबराट वाढते. तसं झालं तर श्वास उथळ आणि संथ करा, जोर काढून टाका. दुसरी चूक म्हणजे फक्त झटका आल्यावरच करणं. रोजचा सराव नसेल तर ऐन वेळी जमत नाही.

चहा, तंबाखू, दारूने हलकं वाटतं. मग वाईट काय?

कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कपातलं बरंच काही रात्री अकराला रक्तात असतं. दुपारी दोन-तीननंतर बंद करून पंधरा दिवस पाहा. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांतलं निकोटिन ठोके आणि बीपी वाढवतं. मिळणारा 'आराम' हा बहुतेक वेळा मागच्या तलफेतून सुटल्याचा असतो. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटतो, म्हणून पहाटे तीनला जाग.

अश्वगंधा घेऊ का?

काही लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे. पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत ती गडबड करू शकते. गरोदरपणात नको. घेत असाल तर डॉक्टरला सांगा. 'ते औषध थोडंच आहे' म्हणून लपवू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं आणि काय सांगायचं?

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडलेली, कामात लक्ष नाही, आवडीच्या गोष्टीही नकोशा, एवढं पुरे. आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जावं, कारण थायरॉइड, रक्त कमी असणं आणि बी१२ ची कमतरता हुबेहूब ताणासारखी दिसते, आणि ती साध्या तपासणीत कळते. जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती तास, चहा-तंबाखू-दारू किती, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पुड्या, आणि त्या सुमारास घरात किंवा कामावर काय बदललं. शेवटची ओळ लोक हटकून गाळतात.

जगणं नकोसं वाटत असेल तर कागद वगैरे राहू द्या. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तातडीचा धोका असेल तर ११२.